बळ, शक्ती, ताकद : सामर्थ्यवाचक शब्दांची कुळकथा

प्रास्ताविक

नागपूरच्या सदर भागातून सीताबर्डीकडे गेलात की टेकडीवरचा किल्ला दिसतो. याच टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यात लढाई झाली. या वाटेवरचे शब्द पाहा. ‘सदर’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्फत मराठीत आला. छाती, पुढचा भाग, अग्रस्थान हे त्याचे मूळ अर्थ. म्हणून सदर बाजार म्हणजे मुख्य बाजार. ‘किल्ला’ हाही मूळचा अरबीच. त्याला इंग्रजीत ‘फोर्ट’ म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘फोर्टिस’, म्हणजे बळकट. या शब्दापासूनच आपण अभ्यासाला सुरुवात करू.

लॅटिनचा वारसा

लॅटिनपासून निघालेल्या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात. ‘फोर्टिस’ या विशेषणापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘फोर्तिया’ हे नाम रूढ झाले. त्याचे इटालियनमध्ये ‘फोर्त्सा’, पोर्तुगीजमध्ये ‘फोर्सा’, फ्रेंचमध्ये ‘फोर्स’ आणि स्पॅनिशमध्ये ‘फुएर्सा’ झाले. स्पॅनिशमधील ‘उए’ हा अपवाद नव्हे. लॅटिनमधील आघातयुक्त ऱ्हस्व ‘ओ’ त्या भाषेत नियमितपणे ‘उए’ होतो. ‘पोर्ता’चे ‘पुएर्ता’ (दार) झाले, तसेच हे. मराठीतही संस्कृत ‘बल’चे ‘बळ’, ‘फल’चे ‘फळ’, ‘काल’चे ‘काळ’ झाले. एका शब्दात दिसणारा बदल अनेक शब्दांत आढळला, की त्याला ध्वनिनियम म्हणता येते.

करू शकणे आणि शक्ती

रोमान्स भाषांत सामर्थ्यासाठी दुसरेही एक कुळ आहे. ‘करू शकणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे मूळ रूपच तेथे नाम म्हणून वापरले जाते : इटालियन ‘पोतेरे’, स्पॅनिश ‘पोदेर’, फ्रेंच ‘पुव्वार’. सत्ता हा अर्थही त्यांना आहे. मराठीत याचे जवळचे उदाहरण आहे. ‘शक्ती’ आणि ‘शकणे’ हे दोन्ही संस्कृत ‘शक्’ धातूपासून आले आहेत. ‘मी हे करू शकते’ असे तुम्ही म्हणता, तेव्हा त्या वाक्यात ‘शक्ती’चा धातू असतोच.

बळाकडून बळजबरीकडे

अर्थाचा प्रवासही पाहा. इटालियनमध्ये ‘पेर फोर्त्सा’ म्हणजे नाइलाजाने, भाग पडल्यामुळे. मराठीत ‘बळेच’ आणि ‘बळजबरी’ हे शब्द त्याच दिशेने गेले आहेत. एकाचे सामर्थ्य दुसऱ्यावरची सक्ती होते, हा अनुभव भाषांनी स्वतंत्रपणे नोंदवला आहे.

एक सावधगिरी

‘फोर्स’ आणि ‘फौज’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात. परंतु ‘फौज’ मूळचा अरबी आहे. त्यांचा संबंध नाही. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. ध्वनिनियम, अर्थ आणि इतिहास या तिन्हींची साक्ष घ्यावी.

आपला शब्द कोणता?

‘जोर’ फारसीतून आला. ‘ताकद’ आणि ‘कुवत’ मूळचे अरबी. उत्तरपत्रिकेत ‘ताकद’ लिहून तो खोडावा आणि ‘शक्ती’ लिहावे, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. घरचा शब्द कमी दर्जाचा, ही त्यामागची शंका. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या प्रयत्नाचे महत्त्व मोठे आहे. तरी ‘किल्ला’ आणि ‘सदर’ टिकले, कारण लोकांनी ते वापरात ठेवले. शिवाय या शब्दांनी आपापली कामे वाटून घेतली आहेत. पाऊस ‘जोराचा’ असतो, ‘शक्तीचा’ नव्हे; संकटात धीर देणारा ‘बळ’ देतो; ऐपतीचा प्रश्न आला की ‘कुवत’ आठवते. म्हणून शब्दाचे मूळ जाणून घ्या, पण त्याची योग्यता वापरावरून ठरवा. खोडण्यापूर्वी वाक्य पुन्हा वाचा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘ल’चा ‘ळ’ झालेले आणखी तीन शब्द शोधा.
२. ‘बळ’, ‘जोर’, ‘ताकद’ यांची प्रत्येकी दोन वाक्ये लिहा. शब्दांची अदलाबदल करून अर्थात काय फरक पडतो ते नोंदवा.
३. तुमच्या घरी किंवा परिसरात सामर्थ्यासाठी वापरला जाणारा एखादा बोलीतील शब्द नोंदवून त्याच्या वापराचे प्रसंग सांगा.