पिल्लाचे पहिले सोळा आठवडे : श्वानशिक्षणाचा पाया

घराची राखण करणारे कुत्रे हा गोव्यातील ग्रामीण कुटुंबाचा जुना सोबती आहे. नारळी-पोफळीच्या कुळागरात, भाताच्या खळ्यावर आणि वाड्यावरील घरांच्या अंगणात कुत्रे असतेच. अलीकडे शहरांतील सदनिकांमध्येही जातिवंत पिल्ले हौसेने पाळली जातात. मात्र पिल्लू घरी आणताना जेवढा उत्साह दिसून येतो, तेवढी आस्था त्याच्या शिक्षणाविषयी दिसत नाही. ‘अजून लहान आहे, सहा महिन्यांचे झाले म्हणजे शिकवू,’ हा समज सर्वत्र रूढ आहे.

या समजाची किंमत पुढे कुत्र्याला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मोजावी लागते. सहा महिन्यांचे झालेले अशिक्षित कुत्रे पाहुण्यांच्या अंगावर धावते, खेळता खेळता मुलांचे हात फोडते, फटाक्यांच्या आवाजाने बेभान होऊन पळत सुटते. मग त्याला साखळीने जखडले जाते. बांधल्यामुळे ते अधिकच चिडखोर बनते आणि अखेरीस एखाद्या बाजारात किंवा समुद्रकिनाऱ्यावर नेऊन सोडून दिले जाते. रस्त्यावरील मोकाट कुत्र्यांच्या संख्येत अशा रीतीने आणखी एकाची भर पडते. वस्तुतः पिल्लू शिकण्यासाठी सहा महिने थांबत नाही. घरात पाऊल टाकल्या दिवसापासून ते काही ना काही शिकतच असते. ते काय शिकते, हे ठरविणे पालकाच्या हाती असते.

वयाचा हिशेब

जन्मतः पिल्लू आंधळे व बहिरे असते. साधारणपणे दहा ते चौदा दिवसांत त्याचे डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला ऐकू येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या स्वभावाच्या घडणीतील सर्वांत मोलाचा काळ होय. या अवधीत ज्या माणसांशी, प्राण्यांशी, आवाजांशी व वस्तूंशी त्याचा सुखाने परिचय होतो, त्या सर्वांना ते आयुष्यभर आपले मानते. जे या काळात दृष्टीस पडत नाही, त्याविषयी पुढे त्याच्या मनात भय राहण्याचा संभव असतो.

ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्लांना उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात माणसांच्या सहवासाविना वाढविण्यात आले. त्यांपैकी ज्यांना लहानपणी ठरावीक आठवड्यात माणसाचा सहवास देण्यात आला, ती माणसाळली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना असा सहवास मुळीच मिळाला नाही, ती पिल्ले रानटी प्राण्याप्रमाणे माणसाला भिऊ लागली व त्यांना वश करणे अतिशय कठीण गेले. हे निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले. याच संस्थेतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात या कालखंडाचे सविस्तर विवेचन केले आहे.

म्हणून पिल्लू फार लवकर आणणेही योग्य नव्हे आणि आणल्यावर त्याला एकटे ठेवणेही योग्य नव्हे. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत ते आई व भावंडांपाशी राहणे इष्ट असते. भावंडाला जोराने चावले की ते कळवळून ओरडते व खेळ थांबवते. दातांचा जोर किती वापरावा याचा पहिला धडा पिल्लाला तेथेच मिळतो. श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई केलेली आहे.

घरातील पहिले दिवस

पिल्लाला घरात एक निश्चित जागा द्यावी. पावसाची झड न लागणारा ओटीचा किंवा स्वयंपाकघराजवळचा कोपरा व त्यावर धुतलेले गोणपाट किंवा जुनी चादर एवढे पुरेसे आहे. पहिल्या काही रात्री पिल्लू आईच्या आठवणीने रडते. अशा वेळी त्याला बाहेर पडवीत कोंडून ठेवू नये. घरातील कोणीतरी झोपते तेथे जवळच त्याची जागा केल्यास ते लवकर शांत होते.

आठ आठवड्यांच्या पिल्लास दिवसातून चार वेळा, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा ठरावीक वेळी खाणे द्यावे. अन्न दिवसभर समोर ठेवल्यास मलविसर्जनाची वेळही अनिश्चित होते. गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही व त्यांना हगवण लागते. मांसमच्छीची शिजवलेली हाडे व काटे, कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला अपायकारक आहेत, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे.

मलमूत्राची शिस्त

पिल्लाने घर घाण करणे हा त्याचा खोडसाळपणा नसतो. त्याचे मूत्राशय लहान असते व त्यावर त्याचा पुरेसा ताबा नसतो. झोपेतून उठल्याबरोबर, खाणे-पिणे झाल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला विसर्जनाची भावना होते. या प्रत्येक वेळी, आणि एरवीही दिवसा दर दोन तासांनी, त्याला अंगणातील एकाच ठरावीक जागी न्यावे व काम होईपर्यंत शांतपणे उभे राहावे. काम झाल्याबरोबर, तेथेच, गोड शब्दांनी शाबासकी देऊन खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. पावसाळ्यात अंगणात जाणे अवघड असल्यास पडवीच्या एका टोकाला जुनी वर्तमानपत्रे पसरून तीच जागा ठरवावी.

चूक घडल्यास पिल्लाचे नाक त्या घाणीत घासण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सर्वथा त्याज्य होय. झालेल्या गोष्टीचा व शिक्षेचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. माणसासमोर विसर्जन करणे धोक्याचे आहे, एवढेच ते शिकते व पुढे खाटेखाली लपून ती क्रिया उरकू लागते. जागा साबणाने स्वच्छ धुऊन टाकावी, म्हणजे वासाने ते पुन्हा तेथे जाणार नाही.

चावण्याची खोड

पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्यामुळे पिल्लू हाती लागेल ते चावते. चप्पल चावली म्हणून मारण्यापेक्षा चपला उचलून ठेवाव्यात आणि त्याला जाड दोराची गाठ किंवा रबराचे टणक खेळणे द्यावे.

हातपाय चावल्यास खेळ तत्काळ थांबवावा, पाठ फिरवावी व अर्धा-एक मिनिट त्याच्याकडे लक्ष देऊ नये. चावले की गंमत संपते, हे त्याला काही दिवसांत समजते. मात्र हा नियम घरातील सर्वांनी पाळला पाहिजे. लहान पिल्लाशी बोटे नाचवून खेळणारा काका त्याला जे शिकवतो, ते घरातील इतर चौघांची मेहनत वाया घालवते. लहान मुलांना पिल्लापाशी एकटे सोडू नये. खाताना किंवा झोपलेले असताना त्याला छेडू नये, हे मुलांनाही शिकवावे.

जगाची ओळख आणि लसीकरण

येथे एक अडचण उभी राहते. ज्या आठवड्यांत पिल्लाला जगाची ओळख व्हावयास हवी, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याची रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण हळूहळू ओसरत असते. ते शिल्लक असेपर्यंत लसीचा पूर्ण प्रभाव पडत नाही. त्यामुळेच सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुनःपुन्हा टोचावी लागते. पार्व्हो विषाणूचा प्रादुर्भाव झालेल्या पिल्लांपैकी अनेक पिल्ले रक्ती हगवणीने दगावतात, आणि हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो.

यावर उपाय असा की, लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बाजारात किंवा अनोळखी कुत्र्यांत खाली सोडू नये. पण उचलून घेऊन जग अवश्य दाखवावे. दुचाकी, बस, छत्री घेतलेला व रेनकोट घातलेला माणूस, मासे विकणारी बाई, टपालवाला, पाठीवर दप्तर घेतलेली मुले, काठी टेकत चालणारे आजोबा, गाई-गुरे, देवळाची व चर्चची घंटा या सर्वांचा परिचय दुरून व थोडा थोडा करून द्यावा. दररोज एक-दोन नवीन गोष्टी पुरेत. पिल्लू दबले, थरथरले किंवा मागे सरले, तर त्याला पुढे ढकलू नये; अंतर वाढवून खाऊ द्यावा. लसीकरण झालेल्या, निरोगी व शांत अशा परिचिताच्या कुत्र्याशी घरच्या आवारात भेट घडविण्यास हरकत नाही.

चतुर्थीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट यांची सवय आधीपासून लावावी. ताटावर चमचा वाजविणे, दार थोड्या आवाजाने लावणे असे लहान आवाज जेवणाच्या वेळी दुरून काढावेत व क्रमाने वाढवावेत. आवाजानंतर खाणे येते, असा संबंध जुळला की भय कमी होते.

आज्ञा : शब्द एक, अर्थ एक

आठव्या आठवड्यापासून पिल्लू सोप्या आज्ञा शिकू शकते. प्रारंभी नाव, ‘ये’, ‘बस’ व ‘सोड’ एवढे चार शब्द पुरेसे आहेत. गोव्यातील घरांत एक विशेष अडचण आढळते. आजी कोकणीत ‘यो’ म्हणते, वडील मराठीत ‘ये’ म्हणतात आणि मुले इंग्रजीत ‘कम’ म्हणतात. पिल्लाच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे आवाज असतात. भाषा कोणतीही चालेल, परंतु शब्द कुटुंबात एकमताने ठरवून तोच वापरावा.

‘बस’ शिकविण्यासाठी खाऊचा हरभऱ्याएवढा तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरून हात सावकाश त्याच्या डोक्यावरून मागे न्यावा. नजर वर जाताच त्याची मागची बाजू आपोआप जमिनीला टेकते. टेकल्या क्षणी शाबासकी व तुकडा द्यावा. हात खाली दाबून बसवू नये. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले, तरच ते कशाबद्दल मिळाले हे त्याला उमगते. धडा तीन ते पाच मिनिटांचा असावा, दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा आणि पिल्लू कंटाळण्यापूर्वी संपवावा.

‘ये’ म्हणून बोलावून पिल्लाला कधीही रागावू नये. पट्टा तोडून महामार्गाकडे धावणारे कुत्रे परत फिरेल की नाही, हे लहानपणी त्या शब्दाने त्याला काय मिळाले यावर अवलंबून असते.

मार आणि साखळी

मार खाल्लेले पिल्लू शांत झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते दबलेले असते. गुरगुरण्याबद्दल मारल्यास ते गुरगुरणे सोडते, परंतु भय तसेच राहते, आणि असे कुत्रे पुढे पूर्वसूचना न देता चावते. सतत बांधून ठेवल्याचा परिणामही तोच होतो. साखळीच्या टप्प्यात आलेल्या भीतीपासून त्याला दूर जाता येत नाही, म्हणून ते हल्ला करते. ‘कुत्रे तिखट व्हावे’ म्हणून त्याला बांधून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, अशा कुत्र्याला चोर आणि शेजारच्या मुलात भेद करता येत नाही. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्याची व्यवस्था न करणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली अपराध आहे.

पालकाचे कर्तव्य

शिक्षणाबरोबरच आरोग्याकडेही लक्ष असावे. जंतनाशक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने द्यावे. तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे दरवर्षी तिची पुनरावृत्ती करावी. २०२१ साली गोवा राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. वर्षानुवर्षे घरोघरी व रस्तोरस्ती केलेल्या लसीकरणाचे ते फलित होय. घरातील एक कुत्रे लसीवाचून राहिल्यासही त्या कष्टांना बाधा पोहोचते. एवढे करूनही चावा घेतला गेल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. पिल्लाचा दात नुसता लागला तरी हाच नियम पाळावा.

थोडक्यात, आठव्या आठवड्यास घरी आणलेल्या पिल्लाच्या हाती शिकण्याचे सुवर्णकाळातील जेमतेम पाच-सहा आठवडेच उरलेले असतात. या अल्प अवधीत दररोज अर्धा तास खर्च करणाऱ्या कुटुंबाला पुढील दहा-बारा वर्षे निर्धास्त सोबत लाभते. तो अर्धा तास ज्यांना देता येणार नाही, त्यांनी पिल्लू आणण्याचा विचार पुढे ढकलावा, हेच त्या जिवाच्या आणि वाड्यावरील सर्वांच्या हिताचे ठरेल.