दुर्बिणीवरचा हिरवा लेझर

दुर्बिणीच्या नळीवर क्लॅम्पने बसवायचा हिरवा लेझर पॉइंटर फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, सोपा पर्याय म्हणून विकला जातो. नवख्यांना मी तो घेऊ नका असेच सांगेन. आकाशदर्शनात लेझरला जागा आहे, पण ती माहिती सांगणाऱ्याच्या हातात. तिथे ‘ही रोहिणी, ही कृत्तिका’ एवढे दाखवून झाले की बटणावरचे बोट सुटते आणि झोत विझतो. दुर्बिणीवर मात्र दोन्ही हात नळी फिरवण्यात गुंतलेले असतात, म्हणून लेझर चालूच ठेवावा लागतो. मग डोळा आयपीसला लागतो आणि झोत कुठे चालला आहे हे पाहायला कोणी उरत नाही. नळी क्षितिजाकडे वळवताना तो रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावरून फिरू शकतो. शेजारी कोणी तासभर आकाशाचे छायाचित्र घेत असेल, तर त्याच्या चित्रात हिरवी रेघ उमटते.

‘पाच मिलिवॉटने काय होणार?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण तो लेबलवर विश्वास ठेवून विचारलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. कारण त्यांच्या रचनेत आहे. नेहमीच्या हिरव्या पॉइंटरमध्ये ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त किरण निघतात आणि दुसरा स्फटिक त्यांचे ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात रूपांतर करतो. उरलेले अवरक्त किरण अडवणारा फिल्टर स्वस्त पॉइंटरमध्ये बऱ्याचदा नसतो. याच संस्थेने २०१० मध्ये फिकट हिरवा दिसणाऱ्या एका पॉइंटरमधून सुमारे २० मिलिवॉट अवरक्त किरण बाहेर पडताना मोजले होते. झगझगीत प्रकाशाला पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या किरणांना ती मिटत नाही, आणि दृष्टिपटल भाजले तरी ते दुखत नाही. म्हणून थंडीत मंदावलेला पॉइंटर निरुपद्रवी समजू नये, आणि तो मंदावला म्हणून जास्त ताकदीचा तर मुळीच आणू नये.

‘विमान केवढे उंच असते’ हा दुसरा आक्षेप. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येते, म्हणजे धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर ते जेमतेम पाचशे मीटर उंचीवर असते. मुंबई-पुण्याच्या कितीतरी गच्च्या या पट्ट्यात येतात. पाचशे मीटरांत झोत पसरून साधारण अर्धा मीटर रुंद होतो आणि पुढच्या काचेवर विखुरला की रात्रीला सरावलेल्या वैमानिकाचे डोळे ऐन उतरताना दिपतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने विमानांवर झोत टाकण्याच्या प्रकारांनंतर २००८ मध्ये अशा पॉइंटरवर कडक बंधने घातली आणि खगोल मंडळांच्या सदस्यांना सवलत ठेवली. अशी सवलत आपल्यासारख्या आकाशदर्शकांच्या वागण्यावरच टिकते.

फाइंडरमध्ये वाकून मान दुखते, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी रेड डॉट फाइंडर घ्यावा: त्यातला लाल ठिपका फक्त पाहणाऱ्याला दिसतो, आकाशात काही जात नाही. टेलरॅड या फाइंडरमध्ये अर्धा, दोन आणि चार अंशांची वर्तुळे असल्याने नकाशावरून अंतर मोजत तारकागुच्छापर्यंत पोहोचता येते. दुर्बीण थेट डोक्यावर रोखायची असेल, तर काटकोनात वळलेला फाइंडर मान वाचवतो.