सम्यक व्यायाम आणि दंतवैद्यकाचा प्रवेश



अनुत्पन्न कुशल उत्पन्न करणे हे सम्यक व्यायामाचे एक अंग. १९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते; पुढची विद्वत्ता प्रयत्नातून आली.

जर्मनीत आबिटूरला गुण कमी पडले की आपली मुले दंतवैद्यकाची आशा सोडतात. पण २०२० पासून मुख्य वाटपातील ३० टक्के जागाच सर्वोत्तम आबिटूरसाठी आहेत. ६० टक्क्यांत विद्यापीठे इतर निकषही लावतात. १० टक्क्यांत आबिटूरचे गुण पाहतच नाहीत. टीएमएस परीक्षा, दंतसहाय्यकाचे प्रशिक्षण यांना अनेक विद्यापीठांत मोल आहे. पूर्वी नुसती वाट पाहूनही जागा मिळे. आता ती वर्षे मोजत नाहीत.

झालेले गुण बदलत नाहीत. तयारी आपल्या हाती आहे. मुलांना हे सांगावे.

भवतु सब्ब मंगलं.