पाठ : तपासणीला उत्तर कागदाने नाही, कामाने द्या



"तपासणीवाले येणार" असं कळलं की आपल्या पोटात गोळा येतो. झाडलोट होते, रजिस्टरं शोधली जातात, राहिलेल्या सह्या घेतल्या जातात. आमच्या मसाला युनिटमध्येही असंच झालं. त्यातून आम्ही जे शिकलो, ते या पाठात लिहीत आहे.

आमचा मसाला घेणाऱ्या एका खरेदीदाराने तपासणीला माणूस पाठवला. त्यांनी रजिस्टर पाहिलं. "मशीन सुरक्षा प्रशिक्षण" लिहिलेलं होतं, खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. मग ते कांडप मशीनजवळ गेले आणि तिथल्या ताईंना विचारलं, "मशीन साफ कसं करता?" ताई सरळ बोलल्या, "चालू असतानाच ब्रशने झाडते. बंद केलं की वेळ जातो."

झालं! अहवालात मोठी त्रुटी लागली. महिन्याच्या आत पूर्तता केली नाही तर पुढची ऑर्डर थांबणार होती. बैठकीत काहीजणी त्या ताईंवरच चिडल्या. "गप्प बसली असती तर?" पण ताई खरं बोलल्या होत्या. खोटं आपलं रजिस्टर होतं. त्या दिवशीचं प्रशिक्षण म्हणजे दहा मिनिटं वाचून दाखवलेला कागद होता.

तपासणीत काय पाहतात?

तीन गोष्टी : कागद, जागा आणि माणूस. रजिस्टरमध्ये काय लिहिलंय, प्रत्यक्ष काय दिसतंय आणि काम करणारी बाई काय सांगते. तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

आधी "का?" विचारा

आम्ही ताईंना विचारलं, मशीन बंद का करत नाही? उत्तर ऐकून आम्हीच गप्प झालो. स्विच पलीकडच्या भिंतीवर, मिरचीच्या पोत्यांच्या मागे होता. मजुरी किलोवर होती, म्हणजे मशीन थांबलं की पैसे बुडणार. शिवाय पट्ट्यावरची जाळी मागच्या दुरुस्तीत काढली होती, ती परत बसवलीच नव्हती. पदर किंवा वेणी त्या पट्ट्यात गेली असती तर? नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो.

म्हणून लक्षात ठेवा : जाळीचं काम प्रशिक्षण करू शकत नाही. आधी धोका काढा, मग शिकवा. आम्ही जाळी बसवली, मिस्त्रीकडून स्विच मशीनजवळ हाताशी आणून घेतला आणि साफसफाईच्या वेळेची मजुरी वेगळी धरली.

फिरत्या भागाला झाकण हवं आणि चालत्या यंत्राची सफाई बाईकडून करून घ्यायची नाही, हे कारखाने अधिनियम 1948 मध्येच लिहिलेलं होतं. आपलं युनिट छोटं असेल, पण पट्टा काही छोटं-मोठं बघून हात धरत नाही.

शिकवायचं कसं?

1. मशीनजवळ उभं राहून शिकवा, सतरंजीवर बसून नाही. एका वेळी एकच विषय, वीस मिनिटं.
2. आपल्या बोलीत सांगा. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र लावा.
3. आधी करून दाखवा : मशीन बंद, मेन स्विच बंद, फिरणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग ब्रश. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या, खकाण्यासाठी तोंडाला मास्क.
4. मग प्रत्येकीकडून करून घ्या. जिला जमलं नाही तिला परत दाखवा, हसू नका.
5. आठवड्याने न सांगता बघा. सवय लागली का, ते तेव्हाच कळतं.
6. उन्हाळ्यात मसाल्याच्या हंगामात नव्या बाया कामाला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी, मशीनला हात लावण्याआधी शिकवा.

अग्निशामक सिलिंडरचंही तसंच. भिंतीवर टांगलाय, पण पिन कोण काढणार? पिन काढायची, नळी आगीच्या बुडाकडे धरायची, दांडी दाबायची आणि इकडून तिकडे फिरवायची. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला बघायचं. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नाही.

उत्तर कसं लिहायचं?

पूर्तता अहवालात गोड शब्द नकोत. आमचा असा होता :

त्रुटी : चालू मशीनची सफाई होते.
कारण : स्विच लांब, जाळी नाही, सफाईच्या वेळेची मजुरी नाही.
काय केलं : जाळी बसवली, स्विच हलवला, मजुरी ठरवली. तारखा आणि फोटो जोडले.
प्रशिक्षण : कोणी दिलं, कोणी घेतलं, कोणी स्वतः करून दाखवलं.
फेरतपासणी : आठवड्याने काय दिसलं, पुढे कोण बघणार.

आठवड्याच्या पाहणीत दोघीजणी फिरणं थांबण्याआधीच ब्रश घालताना दिसल्या. तेही लिहिलं आणि त्यांना पुन्हा शिकवल्याची तारीखही लिहिली. मागची तारीख टाकून सही घेऊ नका. एक खोटी सही सापडली की बाकीच्या खऱ्या सह्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या फेरीत त्याच ताईंना पुन्हा विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. स्विच बंद केला, हात मागे घेऊन उभ्या राहिल्या आणि मशीन थांबल्यावरच ब्रश उचलला. ऑर्डर टिकली. आणि ताईंचा हातही शाबूत आहे, ऑर्डरपेक्षा ते मोठं.

पुढच्या बैठकीत बोला

• आपल्या युनिटमध्ये कोणतं काम घाईने, धोका पत्करून होतं? त्यामागचं कारण काय?
• खरं सांगणाऱ्या बाईला आपण रागावतो की तिचं ऐकतो?
• रजिस्टरमधलं शेवटचं प्रशिक्षण आज कितीजणी करून दाखवू शकतील?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बसल्या जागी देऊ नका. उठा, मशीनजवळ जा आणि करून बघा.