टायर घेतेस, तर साइड बघून घे

अगं, सायकलचे टायर बदलायला दुकानात जाण्याआधी माझं जरा ऐकून घे. तिथे तुला सगळे टायरची नक्षी दाखवतील, रबर कसं पकड घेतं ते सांगतील. तू मात्र दोन बोटांच्या चिमटीत टायरची साइड धरून दाबून बघ. आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानात टायर झिजायच्या आधी साइडने फाटतो.

तुला भीती काट्यांची आहे, ते मला माहीत आहे. करवंदीच्या जाळ्या, बाभळी, बोरी, शेताच्या कुंपणाला रचलेल्या काट्या, काय काय नाही आपल्याकडे! पण ट्यूबलेस केलंस की ती काळजी बरीचशी मिटते. आतलं सीलंट म्हणजे पातळ लॅटेक्स. हवेबरोबर ते भोकातून बाहेर यायला बघतं आणि तिथेच घट्ट होऊन बसतं. काटा रुतला होता हे कित्येकदा घरी येऊन सायकल धुताना कळतं.

सीलंट हरतं ते दगडापुढे. आपला डोंगर काळ्या बेसाल्टचा, फुटला की धार येते. डोळखांबहून आजोबा डोंगराच्या पायथ्याशी डेहण्याला जा, नाहीतर टोकावड्याहून नाणेघाटाच्या बाजूला जा, आडवाटेला लागलीस की हाच दगड. रस्त्याच्या कामाला पसरलेली खडीही त्याचीच. टायर दबतो, साइड बाहेर फुगते आणि धारेवर घासून चिरते. सायकल चालताना साइड सारखी लवत असते, त्यामुळे चीर मिटत नाही, सीलंट नुसतं वाहून जातं. भोक बुजवायचा प्लगही तिथे धड टिकत नाही, कारण रबर पातळ असतं. दुसरा वैरी म्हणजे कारवीचा खुंट. कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडतात ना, तिचा तिरका कापलेला खुंट वाळला की सुळ्यासारखा होतो आणि नेमका बाजूने घुसतो.

म्हणून पैसे घालायचे ते साइडच्या थरांत. मॅक्सिसचा घेतलास तर ‘एक्सो’ म्हणजे साइडला काप न जाऊ देणारं हलकं कापड, ‘एक्सो प्लस’ त्याहून दणकट, आणि ‘डबलडाउन’मध्ये तर सगळ्या टायरलाच दोन थर. श्वाल्बेमध्ये त्याच चढत्या क्रमाने सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी. तुला मागे एक्सो प्लस किंवा सुपर ट्रेल आणि पुढे एक पायरी हलका पुरे. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, आणि पुढचं चाक वळवून चुकवलेला दगड मागच्याला लागतोच. सगळ्यात जाड टायर घेऊ नकोस. २९ इंची डबलडाउन सव्वा किलोच्या आसपास जातो, आणि माळशेजचा चढ तुला स्वतःच्या पायांनी चढायचाय. टीपीआयच्या आकड्यालाही भुलू नकोस. तो इंचात किती धागे ते सांगतो. धागे जास्त म्हणजे ते बारीक आणि टायर मऊ, मजबूत असेलच असं नाही. काही कंपन्या तर सगळ्या थरांचे धागे मिळून आकडा छापतात.

टायरवर आणि रिमवर, दोन्हीवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेलं आहे ना, ते आधी वाच. स्वस्त सायकलींच्या रिमवर बहुतेकदा नसतं, आणि मग कितीही महागडा टायर घेतलास तरी फुकट. बसवताना पंपाने दमू नकोस. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो. वॉल्वचा गाभा काढून एकदम हवा सोडली की टायर रिमवर टक्कन बसतो. ट्यूबलेसचा वॉल्व बहुधा बारीक असतो, मोटारसायकलच्या नळीला बसत नाही, तेव्हा छोटा पितळी अडॅप्टर कायम बॅगेत ठेव. आणि हवा किती भरायची ते पंक्चरवाल्यावर सोडू नकोस, तो दगडासारखा टणक करून देईल, आणि ताणलेलं रबर लवकर कापलं जातं. तुझ्या वजनाला पुढे २१, मागे २४ पीएसआयपासून सुरुवात कर. मागचं रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर एक-दोन वाढव.

एकटी जाऊ नकोस हे मी सांगणारच. आतल्या खोऱ्यांत फोनला रेंज नसते आणि संध्याकाळची एसटी चुकली तर सायकल ढकलत यावं लागतं. माहुलीच्या बाजूला तानसा अभयारण्य लागतं, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय चाक घालू नकोस. बॅगेत एक ट्यूब, जुन्या टायरचा वीतभर तुकडा, जाड सुई आणि नायलॉनचा दोरा असू दे. चीर पडलीच तर दोन-चार टाके घाल, आतून तो तुकडा लाव आणि ट्यूब भर. घरापर्यंत आरामात येशील.

सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी चाक हलवून बघ, आत खळखळ ऐकू आली नाही तर ओत. २९ इंचीला १०० मिली तरी लागतं. आणि दोन्ही टायरांचे पैसे एकदम जमत नसतील तर आत्ता फक्त मागचा घे, पुढचा दिवाळीनंतर घेतलास तरी चालेल.