दोघांचीच दिवाळी

प्रश्न : मुलं परदेशी, घरात आम्ही दोघंच. यजमान ७४ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. फराळ, अभ्यंगस्नान यंदा सोडून द्यावं का?

उत्तर : ताई, मुळीच सोडू नका! पावशेर पातळ पोह्यांचा चिवडा, ओंजळभर चकल्या दोघांना पुरतात. बेसनाचा अर्धा लाडू त्यांना जेवणानंतर द्या, त्या वेळी भात कमी वाढा. गोळ्यांच्या वेळा मात्र सणातही पाळा.

मला खरी काळजी न्हाणीघराची वाटते. तेल-उटण्यानं फरशी निसरडी होते आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. पाटाऐवजी पक्की खुर्ची, खाली रबरी चटई ठेवा. तेल बाहेरच लावा, तळपायांना नको. आणि दाराला आतून कडी लावू देऊ नका.