मोटारीच्या दिव्यांचा वीजमार्ग

रात्री रुग्णाला तालुक्याच्या गावी नेताना जीपचे दिवे मंदावले, की बल्बला दोष दिला जातो. वस्तुतः दोष पुष्कळदा तारांच्या जोडात असतो. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 55 वॅटचे दोन दिवे सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेतात. चालकापुढील लहान बटणावर एवढा भार पडू नये, म्हणून अनेक गाड्यांत बटण केवळ रिलेला चालना देते. दिव्यांना वीज बॅटरीकडून फ्यूज व रिले यांमार्गे मिळते. परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून असते. तेथील अर्थिंगचा जोड गंजला, की प्रकाश मंदावतो. तो जोड खरवडून घट्ट बसवावा. फ्यूज वारंवार जळत असल्यास कारण शोधावे. त्याजागी जाड तार कधीही घालू नये. त्यामुळे वायरिंग तापून गाडी पेटण्याचा संभव असतो.